पर्यावरणाच्या नावाने केलं, गुण तब्येतीला आला: तुमच्याकडे असं काही घडलंय का?

सदाफुली | ६ डिसेंबर, सकाळी ९:४०

हवामान बदल म्हटलं की डोळ्यांसमोर बर्फाच्या तुकड्यावर उभं राहिलेलं पांढरं अस्वल येतं. त्या अस्वलाबद्दल वाईट वाटतं, पण शहाद्याच्या किंवा शिरूरच्या माणसाने त्याच्यासाठी काय करायचं? माझं स्पष्ट मत आहे की या सगळ्या खटाटोपाची बाजू लोकांपुढे मांडताना गफलत झाली आहे. २०५० साली पारा किती चढेल हे ऐकून आज कोणी स्कूटर घरी ठेवत नाही.

कोळसा, डिझेल, लाकूड जाळलं की दोन गोष्टी निघतात. एक कार्बन डायऑक्साइड, तो शेकडो वर्षं हवेत राहतो. दुसरे धुराचे बारीक कण, ते काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत खाली बसतात. तेव्हा जाळणं कमी केलं तर पृथ्वीचं जे व्हायचं ते सावकाश होईल, पण शेजारच्या आजोबांचा दमा याच हिवाळ्यात हलका होऊ शकतो. मग आपण आधी आजोबांबद्दल का बोलत नाही?

प्रश्न असा: तुमच्या गावात, गल्लीत, कामाच्या ठिकाणी असा एखादा बदल झालाय का, जो झाला ऊर्जेसाठी किंवा पर्यावरणासाठी, पण फरक पडला माणसांच्या तब्येतीला? उलटं घडलं असेल तर तेही सांगा. योजनांची जाहिरात नको आणि राजकारण नको (हे लिहून काही उपयोग होत नाही याची कल्पना आहे).

शंकासूर | ६ डिसेंबर, सकाळी ९:५८

आजोबांना मास्क द्या. स्वस्त पडेल.

बांधावरचा | ६ डिसेंबर, दुपारी १:१५

आमच्या फीडरचं, म्हणजे शेतीच्या विजेच्या लाइनचं, सांगतो. गोदावरीच्या पट्ट्यात शेती, ऊस आणि रब्बीला गहू-हरभरा. शेतीची थ्री फेज लाइट पाळीनं: आठवड्यातले तीन दिवस दिवसा आठ तास, बाकीचे दिवस रात्री दहा तास. यात एक अख्खी पिढी गेली. रात्री लाइट येणार म्हणून जेवून शेतात जायचं, मोटार चालू झाली की दारं धरायची. कपाळाला बॅटरी, हातात फावडं, पाय पोटरीपर्यंत गाळात. वाफ्यात पाणी शिरलं की बिळातले उंदीर बाहेर पडतात, आणि उंदरामागं लांबडं. (रात्री त्याचं नाव घेत नाहीत आमच्याकडं.) घोणस उसाच्या पाचटात पडली तर डोळ्याला दिसतच नाही. कुकरच्या शिट्टीगत फुत्कारली तर नशीब, नाहीतर पाय पडल्यावरच कळायचं. त्यात डिसेंबरची थंडी, वर बिबट्याचं भ्या.

मागं गावच्या गायरानावर सौर प्रकल्प झाला आणि आमचा फीडर त्यावर घेतला. २०१७ साली निघालेली सौर कृषी वाहिनी योजना आमच्यापर्यंत यायला वेळ लागला, पण आली. आता लाइट दिवसा. सकाळी न्याहारी करून जातो, कुठं पाय ठेवतो ते दिसतं, दुपारच्याला घरी. हवामान बदल वगैरे आमच्या डोक्यातसुद्धा नव्हता. रात्री आपल्या अंथरुणात झोपायला मिळतं एवढंच कळतं. माझं बीपी उतरलं का ते डॉक्टरला विचारा, मंडळींचं नक्की उतरलं.

सदाफुली | ६ डिसेंबर, दुपारी १:४०

बांधावरचा, धागा काढल्याचं सार्थक झालं. मी धुरातच अडकले होते, साप माझ्या यादीत नव्हता.

डॉ_चिराईत | ६ डिसेंबर, संध्याकाळी ७:०५

ग्रामीण रुग्णालयात काम केलं आहे, म्हणून राहवत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक सगळी खेड्यातली, त्यातही शेतात राबणारी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू आणि सापाच्या दंशावर आयुष्यभर काम केलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरी शहरात हा विषय काढला की लोकांना तो जुन्या काळातला वाटतो.

एक मात्र. या मृत्यूंपैकी निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतले आहेत, तेव्हा सगळं श्रेय दिवसाच्या विजेला देऊ नका. पण रात्रीचं ओलीत बंद होणं म्हणजे फक्त साप टळणं नव्हे. झोप, ओल्या हाताने मोटारीच्या पेटीला हात लावून बसणारे शॉक, थंडीत उघड्यावर काढलेल्या रात्री, हे सगळं त्यात धरा.

शंकासूर | ६ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

म्हणजे गुण दिवसाच्या विजेचा, सौर विजेचा नव्हे. कोळशाची वीज दिवसा दिली असती तरी साप चावला नसताच.

बांधावरचा | ६ डिसेंबर, रात्री ८:१०

दिली असती तर. बाप मागत मागत म्हातारा झाला. दिवसा कारखान्यांना लागते म्हणून आम्हाला रात्रीची. आता सूर्यच रात्री उगवत नाही म्हटल्यावर सायेब काय करणार?

भटकी_मांजर | ६ डिसेंबर, रात्री ८:१२

😂😂 शंकासूर, आऊट!

फणसपोळी | ७ डिसेंबर, सकाळी ११:२०

आमच्या सिंधुदुर्गात गोबरगॅस घरोघरी दिसतो. झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानने गावोगाव संयंत्रं उभी करायला लावली. माझ्या माहेरीही एक आहे.

त्याआधीची चूल मला चांगली आठवते. पावसात सरपण ओलं, त्यात काजूचं लाकूड असलं तर विचारूच नका, डोळे फुटायची वेळ. आई फुंकणी घेऊन वाकायची आणि खोकतच उठायची. वाशांवरून काजळीच्या जाळ्या लोंबायच्या, वर्षातून एकदा गणपतीच्या आधी त्या झाडायच्या. आम्हा मुलांना तो धूर म्हणजे घराचा वास वाटायचा.

आता गॅस शेणाचा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरं हवीत. तेवढंच पाणी घालून कालवायचं आणि आत सोडायचं. दुसऱ्या तोंडातून रबडी येते ती माडाला. आईचा खोकला पूर्ण गेला नाही, पण रात्री उठून बसावं लागत नाही. कालवायचं काम तिचंच राहिलं. पाहुण्यांना "हो आमचो गॅस" म्हणून दाखवायचं काम वडिलांकडे.

आणि खरं सांगायचं तर चूल गेलेली नाही. आंघोळीच्या पाण्याला न्हाणीत अजून चुलवण पेटतंच. गॅसवरच्या पाण्याने म्हणे अंग मोकळं होत नाही. शेजारच्यांनी म्हशी विकल्या, त्यांचं संयंत्र कोरडं पडलंय. टाकीत आता तेरडा उगवतो.

नियमावर_बोट | ७ डिसेंबर, दुपारी १२:०२

गोबरगॅस हवामानाच्या दृष्टीने चांगला, पण गळका नको. मिथेन २० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट उष्णता धरतो. डोमला तडा गेला किंवा पाइप सुटला तर पुण्य वजा होतं.

डॉ_चिराईत | ७ डिसेंबर, दुपारी ४:४५

फणसपोळी यांनी न्हाणीतल्या चुलीचं लिहिलं ते या विषयातलं मर्म आहे. जरा लांबण लावतो.

घरातल्या चुलीच्या धुरामुळे जगात २०२० साली सुमारे ३२ लाख लोक अकाली गेले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. दमेकरी म्हटलं की आपल्याला विडी ओढणारा बाप्या आठवतो. प्रत्यक्षात बाह्यरुग्ण विभागात फुप्फुसं निकामी झालेल्या अशा कितीतरी बायका येतात, ज्यांनी जन्मात विडीला हात लावलेला नसतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये नेमकं यावरच लिहिलं होतं: धूम्रपान न करणाऱ्यांना होणारा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आक्रसण्याचा आजार. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, कर्क स्मिथ नावाचे अमेरिकी शास्त्रज्ञ गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्र अडकवून धूर मोजत होते.

याच स्मिथ यांनी २००२ साली लिहिलं की गरिबाच्या घरात एलपीजी पोचवायला हवामानाच्या नावाने आडकाठी करू नका. एलपीजी जमिनीखालचं इंधन आहे हे खरं. पण चुलीत लाकूड कधी पूर्ण जळत नाही. त्यातून काजळी निघते, मिथेन निघतो, आणि काजळी स्वतः ऊन शोषून हवा तापवते. काजळी हिमालयातल्या बर्फावर बसली तर बर्फही लवकर वितळतो.

आता उत्साहाला जरा लगाम. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथे सुमारे ३,२०० गरोदर बायकांवर मोठा प्रयोग झाला, आपल्याकडे तो तमिळनाडूत होता. निम्म्या घरांना गॅसची शेगडी आणि फुकट सिलिंडर. बायकांच्या श्वासात जाणारा धूर खूप घटला. पण २०२२ साली निकाल आला तेव्हा बाळांच्या वजनात म्हणावा तसा फरक नव्हता, पुढे न्यूमोनियातही दिसला नाही. आम्हा डॉक्टरांचे चेहरे पडले. माझं वाचन असं की गरोदरपणाचे पहिले काही महिने उलटल्यावर शेगडी आली, आणि मुलीने लहानपणापासून गिळलेला धूर तोवर आपलं काम करून गेला होता. शिवाय शेजारच्या दहा घरांत चूल पेटत असेल तर तुमच्या गॅसला विचारतो कोण? वस्तीच्या वस्तीने चूल सोडली तर खरा फरक.

मीठभाकर | ७ डिसेंबर, संध्याकाळी ५:३०

उज्ज्वला १ मे २०१६ ला सुरू झाली. आमच्या वाडीत सिलिंडर सगळ्यांकडे आहे. पाहुणे आले की चहा गॅसवर, भाकऱ्या चुलीवर. सिलिंडरमागे ३०० रुपये खात्यात जमा होतात, पण आधी पूर्ण पैसे मोजावे लागतात ना. मजुरी आठवड्याची आणि खर्च एकदम. सरपण फुकट. म्हणजे बाईच्या डोक्यावरून येतं ते फुकटच समजायचं.

भटकी_मांजर | ७ डिसेंबर, संध्याकाळी ५:४१

शेवटच्या वाक्याला +१००

थेम्सकाठी | ७ डिसेंबर, रात्री ११:१०

"उलटं घडलं असेल तर सांगा" असं सदाफुलीने विचारलंय, त्याला इंग्लंडइतकं नामी उदाहरण नाही.

२००१ साली इथे गाडीवरचा कर कार्बन डायऑक्साइडवर ठरायला लागला. डिझेल गाडी त्याच अंतराला कमी कार्बन सोडते, म्हणून डिझेलला कर कमी. लोकांनी काय केलं असेल? दहा वर्षांत नव्या गाड्यांपैकी निम्म्या डिझेलच्या. हेतू हवामानाचा, शंभर टक्के चांगला. पण डिझेल नायट्रोजन डायऑक्साइड आणि काजळी जास्त ओकतं, तेही थेट बाबागाडीच्या उंचीवर. पुढे २०१५ साली फोक्सवॅगनची चलाखी उघडी पडली: चाचणीत स्वच्छ आणि रस्त्यावर काळी.

ते निस्तरायला लंडनने २०१९ मध्ये शहराच्या मध्यात जुन्या गाड्यांवर दिवसाला साडेबारा पौंड लावले आणि ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या लंडनला. लोकांनी कॅमेऱ्यांच्या वायरी कापल्या, निवडणुका त्यावर लढल्या गेल्या. या शहरात दम्याने गेलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या कारणांत 'हवेचं प्रदूषण' असं २०२० साली चौकशी अधिकाऱ्याने अधिकृतपणे लिहिलं. देशात प्रथमच. त्यानंतर इथल्या वादाचा सूर बदलला. नुसत्या आकडेवारीने तो बदलला नव्हता.

मीसुद्धा चरफडत जुनी डिझेल विकली. सासूबाई पुण्याहून आल्या की म्हणतात, तुमच्याकडे हवेला वासच नाही.

शंकासूर | ८ डिसेंबर, सकाळी ८:२०

बघा! मी हेच म्हणतोय. एका आकड्यामागे लागलं की दुसरीकडे भोक पडतं. आपल्याकडच्या ई-रिक्षांचं घ्या. धूर नाही, वा वा. पण बऱ्याचशा शिसं-आम्लाच्या बॅटरीवर चालतात. ती बॅटरी मेली की कुठेतरी पत्र्याच्या शेडमध्ये फोडून वितळवतात आणि आजूबाजूच्या पोरांच्या रक्तात शिसं जातं. ते तुमच्या हिशेबात कुठे येतं?

डॉ_चिराईत | ८ डिसेंबर, सकाळी ९:००

शंकासूर, शंभर टक्के मान्य. लहान मुलांच्या मेंदूला शिसं चालतं असं प्रमाणच नाही. लिथियमच्या बॅटऱ्या वाढतायत, पण जुन्यांची विल्हेवाट कोण आणि कशी लावतो यावर सगळं अवलंबून.

गिरगावकर | ८ डिसेंबर, सकाळी १०:१५

आता मुंबईच्या जिव्हाळ्याचा विषय: पाव.

९ जानेवारी २०२५ ला उच्च न्यायालयाने सांगितलं की लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जावं. पालिकेने नोटिसा काढल्या. लगेच हाहाकार, इराणी संपला, ब्रून संपला, मुंबई संपली.

माझी मावशी बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहायची. भट्टी पहाटे पेटायची. सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर काळी पूड, तुळशीची पानं ओल्या फडक्याने पुसायला लागायची. लाकूड म्हणजे काही आंब्याचे ओंडके नव्हेत. पाडलेल्या चाळींच्या चौकटी, मोडकी कपाटं, प्लायवूड, त्यावर रंग, वर सनमायका. ते सगळं जळून जो पाव निघतो त्याला आपण 'भट्टीची चव' म्हणतो.

पोयकार | ८ डिसेंबर, सकाळी १०:४०

गोव्याहून सांगतो, गॅसवरची पोय (आमचा पाव) म्हणजे पोय नव्हे. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीत खाली तापलेली फरशी असते, पोय तिच्यावर फुगते. मुंबईवाल्यांनी प्लायवूड जाळलं तर त्यात आमच्या पोदेराचा काय दोष?

भटकी_मांजर | ८ डिसेंबर, सकाळी १०:४४

मिसळीबरोबर पाव का ब्रेड? आता होऊन जाऊ दे.

गिरगावकर | ८ डिसेंबर, सकाळी १०:५१

ब्रेड म्हणणाऱ्याला या धाग्यावरून तडीपार करावं.

कोथरूडकर | ८ डिसेंबर, सकाळी ११:०२

आमच्याकडे मिसळीबरोबर ब्रेडच देतात.

गिरगावकर | ८ डिसेंबर, सकाळी ११:०३

म्हणूनच म्हटलं.

शंकासूर | ८ डिसेंबर, सकाळी ११:३०

पाव बाजूला ठेवा. मुंबईच्या हवेत बांधकामाची धूळ किती आणि बेकरीचा धूर किती? टॉवरवाल्यांना हिरवी जाळी लावली की सुटका, आणि पाववाल्याला नोटीस. सोपा बकरा.

डॉ_चिराईत | ८ डिसेंबर, दुपारी १:१०

बेकरी सोपा बकरा आहे हे खरं. पण धूळ आणि धूर एका पारड्यात घालू नका. उडालेली माती बरीचशी जाडी असते, नाकात आणि घशात अडते. जळण्यातून येणारे कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, तिथून रक्तात. हार्ट अ‍ॅटॅक आणि पक्षाघाताशी त्यांचा संबंध आहे. अडीच मायक्रॉनच्या या कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वर्षाच्या सरासरीची मर्यादा १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपली अजून ४० आहे. आणि मावशीला अख्ख्या मुंबईची सरासरी लागत नाही, तिला खालची भट्टी लागते.

वऱ्हाडी_ठेचा | ८ डिसेंबर, रात्री ९:३०

झालं का पावाचं? आता आमच्या इकडचं आयका.

आमच्या गावापासून कोळशाच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. कोणत्या केंद्राच्या ते लिहीत नाही, समजदार को इशारा. उन्हाळ्यात वारा सुटला की राखेच्या बंधाऱ्यावरून राख उडते. वाळू घातलेली चादर घडी करताना हाताला खरखर लागते. कोळशात गंधक असते, जळला की सल्फर डायऑक्साइड, आणि त्याचेच पुढे हवेत बारीक कण बनतात. दूर दूर जातात ते. हे गंधक अडवायची यंत्रं लावा असा नियम २०१५ साली निघाला. मग मुदत वाढ, मुदत वाढ, मुदत वाढ. शेवटी जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच देऊन टाकली. घ्या.

दुसरं म्हणजे ऊन. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ लोक जास्त मेले. मग त्यांनी २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला: आगाऊ इशारे, पाणपोया, दवाखान्यांना तयारी. तिथल्या एका महापालिका रुग्णालयात तान्ह्या बाळांचा कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली होता. तो खाली आणला तर उष्णतेने दाखल होणारी बाळं कमी झाली. काही फार मोठं विज्ञान लागलं का? एक जिना उतरला फक्त.

नियमावर_बोट | ८ डिसेंबर, रात्री ९:५५

चांगली माहिती, पण हे अनुकूलन झालं, म्हणजे बदललेल्या हवामानाशी जुळवून घेणं. धाग्याचा विषय हवामान बदल रोखणाऱ्या कृतीचा आहे. कक्ष खाली आणल्याने उत्सर्जन घटत नाही.

वऱ्हाडी_ठेचा | ८ डिसेंबर, रात्री १०:०४

ऊन लागून पडलेल्याला विचारून सांगतो बाप्पा, त्याला अनुकूलन पाहिजे का दुसरं काही.

बरं, हे घे: आमच्या टिनाच्या छपरावर आम्ही पांढरा चुना मारतो, फेव्हिकॉल घालून. खोली नक्की थंड राहते. कूलर एका नंबरावर चालतो, बिल कमी येते. कमी बिल म्हणजे कमी कोळसा. आता बसलं का नियमात?

नियमावर_बोट | ८ डिसेंबर, रात्री १०:१०

बसलं. फेव्हिकॉल किती?

वऱ्हाडी_ठेचा | ८ डिसेंबर, रात्री १०:१६

चुना रात्री भिजवून गाळून घ्यायचा, बादलीमागं अदमासे अर्धा किलो. दोन हात, दुसरा आडवा. आणि संध्याकाळी मारा, उन्हात मारला तर पापुद्रे निघतात.

बॉनेटवरची_जागा | ९ डिसेंबर, सकाळी ७:५०

वाचनमात्र होते, पण माझ्या भावाबद्दल लिहावंसं वाटलं. तो शहर बसचा चालक आहे.

जुन्या डिझेल बसमध्ये इंजिन पुढे, चालकाच्या डाव्या हाताला, त्यावर ते बॉनेट. गर्दीत आपण त्यावर बसतो आणि दोन स्टॉपनंतर उठतो, कारण चटके बसतात. तो माणूस पूर्ण पाळी त्याला खेटून बसायचा. डाव्या पायाची कातडी कोरडी पडून तडकायची, उन्हाळ्यात घामोळं फुटून रात्रभर खाज. घरी आला की टीव्ही मोठ्याने लावायचा, आम्हाला वाटायचं तिरसट झालाय. ते कान होते. शिवाय क्लच-गिअर दाबून दाबून गुडघा आणि कंबर.

पुण्यात इलेक्ट्रिक बस फेब्रुवारी २०१९ पासून धावतात. त्याला ती मिळाली तेव्हापासून क्लच नाही, धग नाही, घरघर नाही. वहिनी म्हणते, आता हळू बोललेलं ऐकू जातं, त्यामुळे भांडणं वाढली. प्रदूषणाच्या चर्चेत प्रवासी येतात, रस्त्यावरचे लोक येतात. इंजिनाला टेकून बसलेल्या माणसाचं नाव मात्र मी कुठे वाचलं नाही.

शंकासूर | ९ डिसेंबर, सकाळी ८:३०

भावाबद्दल आनंद आहे, मनापासून. पण ती बस चार्ज कशावर होते? कोळशावर. धूर गेला नाही, फक्त पत्ता बदलला.

वऱ्हाडी_ठेचा | ९ डिसेंबर, सकाळी ८:४१

पत्ता आमचाच आहे. पुणेकरांनो, पार्सल मिळालं.

कोथरूडकर | ९ डिसेंबर, सकाळी ९:०५

हे वाचून हसू आलं आणि मग नाही आलं. पण ठेचा, एक फरक आहे. स्वारगेटला धूर थेट लोकांच्या नाकाशी निघतो, तुमची चिमणी उंच असते.

वऱ्हाडी_ठेचा | ९ डिसेंबर, सकाळी ९:१२

उंच आहे म्हणून तर जास्त गावांना पुरते.

सदाफुली | ९ डिसेंबर, सकाळी १०:३०

ठेचा यांचा मुद्दा मला रात्रभर छळणार आहे. बस विजेची करायची आणि वीज कोळशाचीच ठेवायची, तर पुण्यातल्या चालकाचा पाय वाचतो आणि विदर्भातल्या चादरीवर राख पडते. म्हणजे दोन्ही कामं बरोबरीने व्हायला हवीत, आणि आधी दिसतं ते शहरातलं होतं. थेम्सकाठीची डिझेलची गोष्टही त्याच जातीची. शंकासूर, तुमचं समाधान कशाने होईल?

शंकासूर | ९ डिसेंबर, सकाळी ११:००

बांधावरच्याने होतं. ज्याच्या गावात सौर पट्ट्या बसल्या, झोपही त्यालाच मिळाली. बाकी ठिकाणी फायदा एकाला, राख दुसऱ्याला.

नवखा_२२ | ९ डिसेंबर, दुपारी १२:१५

जरा वेगळं विचारतो. आमची शेती अजून रात्रीच्या पाळीवर आहे. घोणस चावली तर आधी काय करायचं?

डॉ_चिराईत | ९ डिसेंबर, दुपारी १२:४०

दोरी आवळून बांधू नका, ब्लेड मारू नका, तोंडाने ओढू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, चावलेला पाय हलू देऊ नका, अंगठी-जोडवी-पैंजण काढा, आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात सरळ न्या. साप मारून बरोबर आणायची गरज नाही, आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारांवर एकच असतं. जवळच्या कुठल्या दवाखान्यात ते आहे याची चौकशी आजच करून ठेवा.

बांधावरचा | ९ डिसेंबर, दुपारी १:३०

आणि गमबूट. लाज वाटते म्हणून पोरं घालत नाहीत. घाला.

मीठभाकर | ९ डिसेंबर, दुपारी २:०५

बांधावरचे भाऊ, एक खरं सांगा. दिवसभर लाइट म्हणजे दिवसभर मोटार. तुमच्या विहिरींचं काय झालं? आमच्याकडे सौरपंप आले आणि मार्चमध्येच तळ दिसायला लागला. पाणी आटलं की पुन्हा टँकर, पुन्हा जुलाब-कावीळ. तब्येतीच्या हिशेबात हेही धरायला हवं.

बांधावरचा | ९ डिसेंबर, दुपारी २:५०

बरोबर बोललात. लाइटबिल नाही म्हणून बंद करायचं कुणाच्या जिवावर येतं. आमच्या शिवारात निम्म्यांनी ठिबक केलं, निम्मे अजून पाटानं भिजवतात आणि वर दुसऱ्याच्या बोअरला नावं ठेवतात. भावकीत यावरून बोलणं बंद आहे. सदाफुलीताई, यावर वेगळा धागा काढा, इथं लिहिलं तर पाव-मिसळवाले झोपतील.

सदाफुली | ९ डिसेंबर, दुपारी ३:१५

काढते. पहिली पोस्ट तुम्ही लिहा, भावकीचं सोडून.

बांधावरचा | ९ डिसेंबर, दुपारी ३:२२

मग लिहायला उरतं काय?